बाकाभोवती स्पंजची झाडं

हात वर करणं ही फार धोक्याची गोष्ट आहे, हे मला उशिरा कळलं. शाळेत गेले असते तर लवकर कळलं असतं; तिथं म्हणे हात वर केला की बाई थेट फळ्यापाशी बोलावतात. पण मी शाळेची पायरी कधी चढलेच नाही. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या, पुडीचे कागद आणि औषधांच्या बाटल्या यांच्याकडून. (त्यामुळे मी आयुष्यात पहिलं सबंध वाक्य वाचलं ते 'वापरण्यापूर्वी बाटली जोरात हलवा'. त्याचा माझ्या स्वभावावर कायमचा परिणाम झाला, असं आमचे हे म्हणतात.)

तर मी हात वर केला, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पदरात पाडून घेतलं.

आमच्या घरासमोर सार्वजनिक बाग आहे. बागेच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात एक बाक आहे. तो बाक सरकारी असला तरी माझा आहे. रोज संध्याकाळी मी तिथं पेपर घेऊन बसते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. मोठ्यानं वाचते. मनातल्या मनात वाचणं मला कुणी शिकवलं नाही, आणि मला ते पटतही नाही. मनात वाचणं म्हणजे मनात जेवण्यासारखं आहे; पोट कसं भरणार? शिवाय मी नुसतं वाचत नाही. अग्रलेख लिहिणारा जिथं चुकतो तिथं त्याला तिथल्या तिथं सांगते. त्याला ऐकू जात नाही हा त्याचा दोष. बागेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानांवर चार शहाण्या गोष्टी फुकटात पडतात. माझी एक मैत्रीण तर रोज न चुकता शेजारी येऊन बसते. ती बसल्याबरोबर झोपते, पण येते.

एके दिवशी बागेत खुर्च्या मांडून सभा झाली. बागेचा नवा आराखडा करायचा होता, आणि तो लोकांना विचारून करायचा होता. आराखडा करणारी एक तरुण, हसतमुख बाई आली होती. तिचं नाव लांबलचक होतं. आम्ही सगळे तिला आराखडेबाई म्हणू लागलो. तिनं बागेचं एक छोटं मॉडेल बनवून आणलं होतं. पुठ्ठ्याची जमीन, निळ्या काचेचं तळं, काड्यांचे बाक. शेजारी टोपलीभर स्पंजची झाडं.

"हे मॉडेल आठवडाभर तुमच्यातच राहील," ती म्हणाली. "येऊन बघा. वस्तू हव्या तिथं हलवा. प्रत्येकानं टोपलीतलं एक झाड घेऊन हवं तिथं लावायचं. शेवटच्या दिवशी मी फोटो काढीन. फोटोत जे दिसेल ते लोकांचं मत."

आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. "झाडांचा उपयोग काय काय होतो, ते जरा सांगाल का?"

"सावली, हवा. आणि दाट लावली तर आवाज अडतो. रस्त्यावरचा आवाज आत येत नाही."

"म्हणजे बाहेरचा आत येत नाही. आणि आतला बाहेर?"

"तोही अडतो. दोन्हीकडून."

सभेत समाधानाची एक लहर पसरली. दातांच्या डॉक्टरांनी शिंप्याकडे पाहिलं, शिंप्यानं मुख्याध्यापकांकडे. मला कौतुक वाटलं. म्हटलं, लोकांना विज्ञानात किती रस आहे!

"आणि लक्षात ठेवा," आराखडेबाई पुढं म्हणाली, "जिथं झाडांची गर्दी होईल तिथं बांधकाम होणार नाही. आता प्रश्न एवढाच, की हे मॉडेल ठेवायचं कुठं? ऑफिसला रंग लावायचं काम चाललंय. कुणाच्या घरी जागा…"

तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता. ज्याच्या घरी बाग, त्याच्या हाती बाग! एवढा साधा हिशोब बाकीच्यांना सुचला नाही, याचं मला हसू आलं.

मॉडेल घरी आलं तेव्हा ते आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा वीतभर मोठं निघालं.

"आई," सून म्हणाली, "आठवडाभर आपण जेवायचं कुठं?"

"उभ्यानं. पचन चांगलं होतं."

"असं कुणी सांगितलं?"

"पेपरात आलं होतं."

"मग आलंच असेल," आमचे हे म्हणाले आणि ताट घेऊन फ्रीजला टेकून जेवायला लागले. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याशी वाद घातलेला नाही. सुरुवातीला मला वाटायचं, माझं पटतं म्हणून. नंतर वाटायला लागलं, स्वभाव गरीब म्हणून. खरं काय ते पुढं येईलच.

मी चष्मा लावून मॉडेलवर वाकले. सगळी बाग पाहिली, आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या कोपऱ्यात माझा बाक नव्हता! तिथं चाकांचे बूट घालून घसरायची गुळगुळीत फरशी आखली होती. आणि माझा बाक? तो नेऊन ठेवला होता फाटकाजवळ, दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीखाली, स्वच्छतागृहाला खेटून. म्हणजे मी अग्रलेख वाचायचा तो एका बाजूला दात उपटताना ओरडणारी माणसं आणि दुसऱ्या बाजूला ते दुसरं, यांच्या मधोमध बसून!

"अहो, हे पाहिलंत का?"

"पाहिलं."

"मग काही वाटत नाही?"

"वाटतं ना. पण भाजी छान झालीय."

अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे. (बक्षिसाची अपेक्षा नाही, नोंद असावी, इतकंच.)

बाक हलवायला परवानगी होती. मी तो चिमटीत धरून उचलला आणि परत माझ्या कोपऱ्यात, फरशीच्या बरोब्बर मध्यावर ठेवला. पण मनात आलं, उद्यापासून लोक येणार. कुणी पुन्हा उचलून फाटकाशी नेला म्हणजे? लोकांचा काय भरवसा! मतं बदलतात. मत बदलू नये यावर एकच उपाय असतो, तो म्हणजे डिंक.

पण आठवडाभर कुणी फिरकलंच नाही, म्हणून डिंकही राहिला; शेवटच्या दिवशी दुपारी, आता सगळे एकदम येणार हे ओळखून, घरातले आडवे झाले असताना मी सुनेच्या खणातून डिंकाची ट्यूब काढली. त्यावर लिहिलेलं सगळं वाचलं. ('काही क्षणांत कायमचे चिकटते.' कंपन्या थापा मारतात, माझा अनुभव आहे.) बाकाच्या चारही पायांना भरपूर डिंक लावला. जास्त झाला म्हणून आणखी थोडा लावला. बाक दाबून धरला, मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि हात उचलला.

हात उचलला जाईना.

थंडीचे दिवस. अंगात सैल लोकरी स्वेटर. त्याची बाही डिंकात बसली होती, आणि कंपनीनं एकदा तरी खरं लिहिलं होतं. मी ओढलं, तर सबंध बाग टेबलावरून माझ्याबरोबर निघाली. मी थांबले, तशी बागही थांबली.

तुम्ही म्हणाल, स्वेटर काढायचा की. मलाही अक्कल आहे. पण कपडे धुवायचं यंत्र बिघडलेलं, सगळे कपडे ओले, आणि स्वेटरच्या आत मी सुनेचा कॉलेजच्या काळातला टीशर्ट घातला होता. त्यावर छातीभर अक्षरांत छापलं होतं, 'सिंगल अँड हॅपी'.

आणि दारावरची बेल वाजली.

सुनेनं दार उघडलं. शिंपी होता. मी एक हात बागेत ठेवून, दुसऱ्या हातानं पेपर धरून, जणू काही रोजचंच असल्यासारखी खुर्चीवर बसून राहिले.

"आजी, तुम्ही जातीनं बसलात?"

"मग! लोकांचं काम आहे. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. टोपलीतलं झाड त्यानं उचललं, बागेभर नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच झाड माझ्या बाकाच्या मागं टोचलं. माझा ऊर भरून आला.

"अरे, तुझं दुकान त्या टोकाला. तुझ्या दुकानासमोर नाही का लावायचं?"

"नको आजी. इथंच बरं." मग तो शिंप्याच्या नजरेनं माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "ती बाही जरा…"

"बाही माझी आहे. आहे तिथं बरी आहे."

तो गेला. मग मुख्याध्यापक आले, सपत्नीक. दोघांनी दोन झाडं घेतली. दोन्ही माझ्या बाकाशेजारी!

"वहिनी, तुमचा कोपरा हिरवागार व्हायला हवा," मुख्याध्यापक म्हणाले.

"अगदी दाट," त्यांच्या बायकोनं भर घातली. "फट राहता कामा नये."

मग दातांचे डॉक्टर आले. बाक फाटकाजवळून हललेला पाहून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की मीच गहिवरले.

"काकू, बाक कोपऱ्यातच राहिला पाहिजे. कुणी काहीही म्हणो!"

"राहील हो, राहील. हलायचा नाही." (हे मी किती खात्रीनं सांगत होते, ते त्यांना काय माहीत.)

"जरा हात उचलता का? तिथं एक झाड बसेल."

"हात नाही उचलता येणार. कोपराच्या पलीकडं लावा."

त्यांनी कोपराच्या पलीकडं लावलं. मग अलीकडंही एक लावलं, बायकोच्या वतीनं. त्यानंतर माणसांची रीघच लागली. ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नाही तेही आले. दूधवाला आला. बागेचा माळी आला आणि स्पंजचं झाड खऱ्या रोपासारखं दोन्ही हातांनी दाबून गेला. माझी झोपाळू मैत्रीण आली. तिनंही झाड नेमकं बाकाच्या कडेला, माझ्या आणि तिच्या बसायच्या जागेच्या मधोमध लावलं.

"अगं, मधे कशाला?"

"राहू दे गं. टेकायला बरं."

शेवटी सूनसुद्धा आली, हात पुसत, आणि एक झाड लावून गेली. बागेत बाकी सगळीकडं वाळवंट, आणि माझ्या बाकाभोवती जंगल. डोळ्यांत पाणी यायला लागलं. ते थोडं भावनेचं होतं, थोडं दुसऱ्या कारणाचं. दुपारपासून मी खुर्चीवरून उठले नव्हते, आणि दोन कप चहा आत गेला होता. निसर्ग कुणासाठी थांबत नाही.

"सूनबाई," मी दबक्या आवाजात म्हटलं, "कात्री आण."

"कशाला?"

"प्रश्न विचारू नकोस. मी चिकटले आहे."

ती बघतच राहिली. मग पोट धरून तिथंच खाली बसली. पाच मिनिटं तिला बोलता येईना, आणि मला थांबता येईना. बाही कापायची तिची तयारी नव्हती, कारण स्वेटर तिनंच विणला होता. शेवटी मी मान, एक हात, दुसरा हात अशी त्या स्वेटरातून सापासारखी बाहेर पडले आणि धूम ठोकली.

परत आले तर हॉलमध्ये आराखडेबाई उभी. तिनं आधी माझ्या छातीवरची अक्षरं वाचली. मग फ्रीजला टेकलेल्या आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा अक्षरं वाचली.

"खूप छान, आजी," ती म्हणाली. "मोकळेपणानं सांगायला धैर्य लागतं."

आमचे हे खाली बघत पाणी प्यायले. तिनं फोटो काढला. त्यात तळं आलं, झाडी आली आणि बागेला मिठी मारून पडलेला माझा रिकामा स्वेटरही आला.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा. आराखडेबाईनं भला मोठा नकाशा लावला होता. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. घरून भाषण तयार करून गेले होते. तिनं सुरुवात करायच्या आत मी उठले.

"माझ्या बंधू-भगिनींनो! मी तोंडाची फटकळ आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही एकेकानं माझ्या घरी येऊन, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या म्हातारपणाला जी सावली दिलीत…"

मुख्याध्यापक आपल्या बुटांचं निरीक्षण करत होते. शिंप्याला अचानक खोकला आला.

"सावली?" आराखडेबाई गोंधळून म्हणाली. ती बिचारी बाहेरगावची, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "ती पण मिळेल. पण मी सगळ्यांना फोन करून कारणं विचारली ना, तेव्हा सगळ्यांनी एकच कारण दिलं. हे बघा, नकाशावर लिहिलंयच. वाचा ना, आजी."

मी वाचलं. सवयीनं मोठ्यानंच वाचलं. "वाचनाच्या बाकाभोवती ध्वनिरोधक झाडी."

माझा आवाज बागेच्या पार पलीकडच्या फाटकापर्यंत गेला. ध्वनिरोधक झाडी का हवी, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

मी हळूहळू मागं वळले.

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा? तुम्ही स्वतः दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र फिरवता!"

"काकू, त्या यंत्राला माझे पेशंट घाबरत नाहीत. पण तुम्ही अग्रलेख सुरू केलात की तोंड उघडं टाकून खिडकीशी जातात. परवा एकजण भूल दिलेली असताना तुमच्याशी वाद घालायला निघाला."

"आणि तू गं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"मला काही नाही गं," ती म्हणाली. "फक्त क्रीडापानाला तू फार ओरडतेस. दचकून जाग येते."

सूनबाई मागच्या रांगेत ओढणी तोंडात कोंबून बसली होती. मी काही बोलणार, एवढ्यात आराखडेबाई म्हणाली, "कुणाचा आक्षेप असेल तर आत्ताच सांगा. झाडी काढून टाकू. पण मग तिथं बांधकामाला अडथळा उरत नाही. घसरायची फरशी तिथंच येईल आणि बाक फाटकाजवळ."

आली का पंचाईत? मान ठेवावा तर बाक जातो, बाक ठेवावा तर मान जातो. कुणाच्या बापाला न भिणारी मी, आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत शब्द शोधत उभी राहिले. डोळ्यांसमोर तो बाक आला. त्याच्यावर बसून मी पहिला अख्खा पेपर वाचून काढला होता, बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून. तेव्हाही लोक हसले होते. तेव्हाही मी उठले नव्हते.

"आक्षेप नाही," मी पुटपुटले.

"काय म्हणालात, आजी? जरा मोठ्यानं बोला, ऐकू नाही आलं."

सभा अशी हसली की झाडावरचे पक्षी उडाले. मी ओरडले, "नाही म्हटलं ना आक्षेप!" आणि खाली बसले. मग टाळ्या वाजल्या. कशासाठी वाजल्या, ते मी विचारलं नाही.

"मंजूर," आराखडेबाई म्हणाली. "फक्त एक गोष्ट मला कळली नाही. झाडी सगळीकडून बंद आहे, पण एक बाजू उघडी राहिलीय, आजींच्या घराच्या बाजूची. तिथं तीन झाडांची भोकं आहेत, पण झाडं कुणीतरी उपटून तळ्याकाठी लावलीत."

माझे कान टवकारले. आमच्या घराच्या बाजूची! मॉडेलपाशी दिवसभर मी बसले होते. उठले ती एकदाच. तेवढ्या वेळात सूनबाई चहाचे कप विसळायला गेलेली. आराखडेबाई अजून यायची होती. घरात उरलं होतं ते एकच माणूस, फ्रीजला टेकलेलं.

मी भरभर घरी आले. वाटेत मन कसं मऊ मऊ होत गेलं! सगळं गाव माझ्याभोवती भिंत बांधत होतं, आणि त्या मुक्या माणसानं माझ्यासाठी खिडकी ठेवली. एवढी वर्षं मला वाटायचं याला काही ऐकू जात नाही, आणि हा रोज घरात बसून माझं वाचन ऐकत होता! तेही एकाही शब्दानं न सांगता.

आमचे हे सोफ्यावर होते. पाय टीपॉयवर, टीव्ही मोठ्यानं चाललेला, मांडीवर शेवचिवड्याचा डबा. (डॉक्टरांनी त्यांना तिखट-तेलकट बंद केलेलं आहे. टीपॉयवर पाय ठेवणं मी बंद केलेलं आहे.) मला दारात पाहून ते दचकून उभे राहिले. डबा सांडला.

"अगं, तू? सभा संपली? काही ऐकूच आलं नाही!"

"ते राहू द्या," मी हळुवारपणे म्हटलं. "ती तीन झाडं तुम्ही काढलीत ना?"

त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," ते म्हणाले. "रागावलीस?"

"रागावू कशी? रोज ऐकता ना माझं वाचन? मग सांगा बघू, काल मी काय काय वाचलं?"

"वाचलंस काय, ते मला काय माहीत?" आमचे हे गुडघ्यावर बसून शेव गोळा करू लागले. "आवाज चालू आहे तोवर मी निवांत असतो. थांबला की कळतं, आता तू निघालीस. तेवढ्या वेळात टीव्ही बंद करायचा, डबा लपवायचा आणि पाय खाली घ्यायचे. सगळीकडून झाडं लावली, तर मला कळायचं कसं?"